भंगारातला एसएक्स-७० : दुरुस्तीच्या आणि आठ फोटोंच्या नोंदी

१८ नोव्हेंबर २०२४, सोमवार

आमच्या मशीन शॉपला सुट्टी. एका जुन्या पंपाच्या बुशसाठी गनमेटलचा तुकडा हवा होता म्हणून सकाळी उद्यमनगरात चाचांच्या भंगार दुकानात गेलो. गनमेटल मिळालं नाही. मिक्सरची भांडी, दोन इस्त्र्या आणि पंख्याची पाती यांच्या ढिगाखाली एक चपटी पेटी होती. वरून-खालून तपकिरी कातडं, कडा चकचकीत.

"चष्म्याचा डबा हाय, पण उघडत न्हाई," चाचा म्हणाले.

चष्म्याच्या मानानं जड होती. एका टोकाला उंचवटा होता, तो चिमटीत धरून वर ओढला, तर पोथीची ठवणी उघडावी तशी अख्खी पेटी उभी राहिली. आत कुठंतरी कट्ट झालं. पुढं भिंग, शेजारी लाल बटण, मधे काळा रबरी भाता. कपाळावर नाव : पोलरॉइड एसएक्स-७० लँड कॅमेरा.

चाचांनी माझ्या हातातून काढून घेऊन काट्यावर ठेवला. ६८० ग्रॅम. "ॲल्युमिनियम धरू काय?" मग माझ्या तोंडाकडे बघून भाव बदलला, "कॅमेरा हाय म्हणताय न्हवं, मग दीड हजार." सेल नाही, कातडं फुटलंय, चालू आहे का माहीत नाही, असं सगळं म्हणून सहाशेवर आणला. वर त्यांची एक अट : चालू झाला तर पहिल्यांदा त्यांचा फोटो. ताराबाई पार्कात एक बंगला पाडला, त्यातल्या सामानात आला म्हणे.

येणं काही नाही. देणं : चाचांचा एक फोटो.

१९ नोव्हेंबर

शॉपमधल्या तात्यांनी लेथ बंद करून चष्मा कपाळावर सारला आणि अक्षरं वाचली. "लँड. म्हंजे जमिनीचा? मोजणीवाल्यांचा असंल ह्यो." तात्यांच्या डोक्यात सध्या भावकीतली मोजणी सोडून दुसरं काही नाही.

लँड हे आडनाव आहे. एडविन लँड, अमेरिकेतला. १९४३ मध्ये सुट्टीवर असताना त्याच्या तीन वर्षांच्या पोरीनं विचारलं, काढलेला फोटो आत्ताच का बघता येत नाही. त्यानं ते डोक्यात घेतलं, १९४७ मध्ये न्यूयॉर्कला करून दाखवलं आणि १९४८ च्या नोव्हेंबरात बोस्टनच्या दुकानात पहिला कॅमेरा विकायला ठेवला. आमचा हा नंतरचा, १९७२ पासून निघालेला नमुना. आधीच्या कॅमेऱ्यांत फोटोचा वरचा कागद सोलून टाकावा लागायचा. ह्यात सोलायचं काही नाही, फोटो आपोआप बाहेर येतो आणि उजेडातच उमटतो.

तात्या म्हणाले, "पोरीनं इचारलं म्हणून एवढं केलं? आमची पोरगी स्कूटर मागती."

दुपारी जेवणाच्या सुट्टीत लोहचुंबक लावून बघितलं, चिकटत नाही. ॲल्युमिनियम किंवा पितळ असणार असं दोघांनाही वाटलं. एका कोपऱ्यावर ओरखडा होता, तिथं भिंगातून पाहिलं : वर क्रोम, खाली तांबूस थर, आणि त्याखाली चक्क प्लॅस्टिक. प्लॅस्टिकवर इतका घट्ट मुलामा, पन्नास वर्षांत पापुद्रा सुटलेला नाही. आमच्याकडं लोखंडावरचं प्लेटिंग दोन पावसाळ्यांत फुगतं.

२० नोव्हेंबर, बुधवार

मतदानाची सुट्टी. लवकर मत देऊन आलो आणि कॅमेरा घेऊन बसलो.

सेल घालायची जागाच सापडेना. अर्धा तास हुडकून मग माहिती काढली. बॅटरी कॅमेऱ्यात नसतेच, ती फिल्मच्या पाकिटात असते. पाकिटाच्या तळाशी पोस्टकार्डासारखी चपटी, ६ व्होल्टची. नवं पाकीट घातलं की नवी बॅटरी. कंपनीच्या बाजूनं डोकं चांगलं आहे, गिऱ्हाइकाची बॅटरी कधी उतरत नाही. पण भंगारातून आणणाऱ्याची पंचाईत. महागाची फिल्म घातल्याशिवाय कॅमेरा जिवंत आहे का मेलाय हे कळणार नाही.

बाजूची पिवळी कळ दाबली की पुढचं दार खाली पडतं. आत जुनं पाकीट होतं, रिकामं. म्हणजे शेवटच्या माणसानं सगळे फोटो काढून मगच ठेवला. पाकीट उकलून चपटी बॅटरी बाहेर काढली. मीटर लावला तर ०.३ व्होल्ट. एवढ्यानं काही चालणार नाही, पण प्लस कुठलं आणि मायनस कुठलं ते तरी कळलं. उलटं जोडलं असतं तर आतलं सर्किट गेलं असतं.

२५ नोव्हेंबर, सोमवार

बॅटरीच्या जागी पुठ्ठा कापून घातला. त्यावर तांब्याच्या दोन पट्ट्या, पट्ट्यांना मोटार वाइंडिंगवाल्याकडून आणलेली बारीक एनॅमल तार डाग देऊन जोडली. तार इतकी बारीक की दाराच्या फटीतून बाहेर येते आणि दार लागतं. बाहेर चार सेल एकापुढं एक.

दार लावलं. काहीच नाही.

परत काढलं. कॅमेऱ्यातल्या दोन कॉन्टॅक्टवर हिरवा बुरा होता, शाईच्या खोडरबरानं घासला. परत दार लावलं, आणि घर्रर्र. दीडेक सेकंद. तात्या लेथवरचं काम सोडून आले (सुट्टी असून ते येतात, घरी करमत नाही). लाल बटण दाबलं : आत आरसा आपटल्याचा आवाज आणि मागोमाग घर्रर्र. फोटो नाही, काही नाही, नुसता आवाज. तरी तात्यांनी तो परत परत करायला लावला. मागच्या खिडकीतला आकडा एकेक खाली येत शून्यावर गेला आणि कॅमेरा एकदम गप्प.

मला वाटलं जळाला. पाच मिनिटं दोघंही बोललो नाही. मग पाकीट ओढून परत घातलं तर आकडा वर गेला आणि घर्रर्र सुरू. शून्यावर आला की तो मुद्दामच थांबतो, फिल्म संपली म्हणून.

"आदी वाचावं, मग दाबावं," तात्या म्हणाले. दाबायला तेच सांगत होते.

२९ नोव्हेंबर

रूळ साफ केले. दार उघडल्यावर दोन स्टीलचे रूळ दिसतात, लाटण्याच्या जाडीच्या पाव भागाचे. सगळा खेळ ह्यांच्यात आहे. फोटोच्या खालच्या रुंद पांढऱ्या पट्टीत रसायनाची पिशवी असते. फोटो रुळांतून जाताना ती फुटते आणि आतली पेस्ट दोन थरांच्या मधे सारखी पसरते. रुळावर खडा असला की फोटोवर ठरावीक अंतरानं तोच डाग परत परत उमटणार, रुळाच्या एका फेऱ्याला एक. आमच्या रुळांवर जुन्या पेस्टचा दगड झालेला होता. पातळ स्पिरिट, कापूस आणि बांबूची काडी. धातूचं काही लावलं नाही.

रात्री खोलीतला दिवा घालवून भात्याच्या आत मोबाइलचा टॉर्च लावून धरला. दोन घड्यांवर टाचणीएवढा उजेड. पंक्चरच्या सोल्युशनमध्ये आईच्या डबीतलं काजळ कालवून आतून ठिपके दिले. ही युक्ती तात्यांची. भिंगाच्या कडेला बुरशीचा एक धागा आहे, कोल्हापूरच्या पावसात राहिलेल्या कुठल्या भिंगाला नसतो? त्याला हात लावला नाही.

९ डिसेंबर, सोमवार

कातडं. जुनं कातडं उन्हात वाळलेल्या आंबापोळीसारखं तडकलं होतं. नखानं सोललं, खालचा डिंक स्पिरिटनं काढला, चारही तुकड्यांचे कागदावर छाप घेतले आणि सुभाषनगरात गेलो. ज्यांच्याकडून वडील पायताण घ्यायचे त्यांचा मुलगा आता बसतो. मुलगा म्हणजे साठीचा. मी काका म्हणतो.

मला वाटलं होतं, कोल्हापुरी चपलेचं कातडं लावावं, बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेलं, शोभेलही. काकांनी छाप बघितले, कॅमेरा उघडून-मिटून बघितला आणि हसले. "तळाचं कातडं लावलंस तर ह्यो मिटंल काय? ह्याला येणीचं लागतंय." चपलेच्या वेणीला शेळीचं कातडं वापरतात, पातळ आणि मऊ. त्यातला एक तुकडा त्यांनी उचलला, उजेडाकडं धरला, ठेवून दिला. दुसरा उचलला, तोही ठेवला. तिसरा पसंत पडला.

तरीही तो जाड होता. काकांनी तुकडा गुळगुळीत दगडावर उलटा पसरला, डाव्या तळव्यानं ताणून धरला आणि रापी जवळजवळ आडवी करून तासायला लागले. आवाज कागद फाडल्यासारखा, पण फाटत काहीच नव्हतं, पांढरट भुसा कुरळा होऊन पुढं सरकत होता. मधेच थांबून कोपरा चिमटीत धरायचा, परत तासायचं. मी खिशातून मायक्रोमीटर काढला. त्यांनी त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही. थोड्या वेळानं चिमटीत धरून म्हणाले, "झालं."

चारही कोपरे मोजले. ०.६८, ०.७०, ०.७०, ०.७२ मिलिमीटर. आमच्या शॉपमध्ये नवीन पोरगा ग्राइंडरवर एवढं धरायला वर्ष घेतो, आणि तिथं मशीन असतं.

पैसे किती, विचारलं. कातड्याचे दोनशे घेतले, हाताचे घेतले नाहीत. "फोटो निघाला तर ह्या रापीचा काढ. बापाची हाय. माझा नको." पातं घासून घासून अर्ध्यावर आलंय.

देणं : दोन फोटो.

१६ डिसेंबर

कातडं चिकटवलं. एक तुकडा तिरका बसला, गरम हवेनं सोडवून परत लावला. बिजागरीपाशी अर्धा मिलिमीटर जास्त होतं, ते घासलं. मिटतो. रंग मूळच्यापेक्षा उजळ आहे, हाताच्या तेलानं चढेल म्हणाले काका.

२३ डिसेंबर, सोमवार

फिल्म मागवली. मुंबईच्या एका विक्रेत्याकडून.

फिल्म आज मिळते हेच नवल. २००८ मध्ये कंपनीनं इन्स्टंट फिल्म बंद करत असल्याचं जाहीर केलं. नेदरलँड्समध्ये एन्शेडे इथला शेवटचा कारखाना मोडीत निघणार होता. तिथल्या काही जुन्या कामगारांना धरून मोजक्या वेड्या लोकांनी यंत्रं विकत घेतली. पण मूळची रसायनं मिळेनात, त्यामुळं कृती नव्यानं बसवावी लागली, आणि २०१० मध्ये त्यांची पहिली फिल्म आली. कारखाना बंद पडून यंत्रं काट्यावर जाताना उद्यमनगरात आम्ही कमी बघितलेली नाहीत. ती विकत घेऊन परत चालू करणारं कुणी आलेलं बघितलं नाही.

फिल्मचे प्रकार आहेत, त्यात गल्लत करायची नाही. ६०० नावाची फिल्म चौपट वेगवान, ती ह्यात तशीच घातली तर फोटो पांढरा फटक. आपल्याला एसएक्स-७० चीच पाहिजे. आधी पाकिटात दहा फोटो असायचे, आता आठ. हिशेब केला : एका फोटोच्या पैशात दोघांची मिसळ, जादा कट-पाव आणि वर चहा. घरी हा हिशेब सांगितलेला नाही.

२ जानेवारी २०२५

पार्सल आलं. थंड ठिकाणी ठेवायचं, पण बर्फाच्या कप्प्यात नाही. फ्रिजमध्ये दही आणि आंबोळीचं पीठ यांच्या मधे जागा केली.

आईनं संध्याकाळी विचारलं, "कुणाचं औषध हाय रं?" कॅमेऱ्याची फिल्म आहे म्हटल्यावर, "त्याला कशाला थंड लागतंय, ती काय श्रीखंड हाय?" तरी पिठाचा डबा लांब सरकवला.

६ जानेवारी, सोमवार. पहिला फोटो

पाकीट तासभर आधी बाहेर काढलं. आत घातलं, दार लावलं, फिल्मवरचं काळं झाकण घर्रर्र करून बाहेर आलं. आकडा १० दाखवतो. कॅमेरा दहाच्या जमान्यातला, त्याला आठ माहीत नाहीत. म्हणजे आकडा दोनवर आला की संपलं.

तात्यांना शॉपच्या दारात उन्हात उभं केलं. बघायच्या खिडकीतल्या गोलात आडवी रेष आहे, तिच्या वरचं आणि खालचं चित्र जुळलं की फोकस. दाबलं. फोटो बाहेर आला आणि मी तो हातात धरून बघत राहिलो. हीच चूक. नव्या फिल्मला पहिले काही सेकंद ऊन अजिबात चालत नाही, लगेच झाकायचा असतो. हे मी वाचलं होतं. पण पन्नास वर्षांपूर्वीचं यंत्र आपल्या हातात फोटो ठेवतंय म्हटल्यावर कुणाला आठवतंय!

तात्यांनी तो घेऊन हलवायला सुरुवात केली. हलवू नका म्हटलं, हलवून काही होत नाही, झालं तर आतले थर सुटतात. दहा-पंधरा मिनिटांनी वरचा अर्धा भाग नारिंगी-पांढरा जळालेला, खाली तात्यांची खाकी पँट, चप्पल आणि लेथचा पाया एकदम स्वच्छ.

"निम्मा तर निम्मा," म्हणून तात्या घेऊन गेले. त्यांच्या बायकोनं पायावरून ओळखलं म्हणे.

८ जानेवारी

काळ्या प्लॅस्टिकच्या फाइलमधून जीभ कापली आणि फोटो बाहेर येतो त्या फटीवर चिकटवली. फोटो आता तिच्या खाली सरकत बाहेर येईल.

११ जानेवारी, शनिवार. दुसरा फोटो

चाचांचं देणं. फोटो काढायचा म्हटल्यावर आत गेले आणि दहा मिनिटं आलेच नाहीत. आले ते इस्त्रीचा पांढरा शर्ट, टोपी आणि अत्तर. काट्याशेजारी उभं राहिले, एक हात काट्यावर, मालकानं घोड्यावर ठेवावा तसा. सकाळचे साडेनऊ, ऊन तिरकं, सगळं मनासारखं.

फोटो पालथा करून त्यांच्या वहीखाली ठेवला. मधल्या वेळात एक पोरगं तांब्याची तार घेऊन आलं, चाचांनी अत्तराच्या वासातच त्याच्याशी भावावरून वाद घातला. पंधरा मिनिटांनी वही उचलली.

काटा ठसठशीत, त्यावरचा लाल आकडासुद्धा वाचता येतो. चाचांच्या शर्टाची घडी दिसते. मागचा लोखंडाचा ढीग तपकिरी-निळा होऊन गेलाय, चित्रात रंगवल्यासारखा. चेहऱ्यावर एकही रेघ हसण्याची नाही. जुन्या लोकांना फोटोत हसलेलं चालत नाही. बराच वेळ बघून त्यांनी फोटो काट्यावर ठेवला. आकडा शून्यच राहिला, इतकं हलकं तो काटा वाचत नाही.

"अजून एक द्या, इचलकरंजीला पोरीला पाठवतो." दुसरा निघत नाही म्हटलं. निगेटिव्ह नाही, कॉपी नाही, हा आहे तो हा. त्यांना ते पटेना. "एवढा मोठा कॅमेरा आणि एकच?" शेवटी त्यांच्या मोबाइलनं त्या फोटोचा फोटो काढून दिला आणि तो पोरीला गेला. तिचा अंगठा दोन मिनिटांत आला.

१३ जानेवारी, सोमवार. तिसरा फोटो

भोगी. पहाटे रंकाळ्यावर, बाजरीची भाकरी खायच्या आधी. थंडी चांगली होती. फिल्मला तेरा ते अठ्ठावीस अंश मानवतात. थंडीत रंग निळसर आणि फिके येतात म्हणून फोटो निघाल्या निघाल्या स्वेटरच्या आत घातला. तरी निळाच आला : पाणी निळं, आकाश निळं, फिरायला आलेली माणसं निळी. शालिनी पॅलेस एका टोकाला पुसटसा. चुकीचा आहे, पण मला आवडला. मायक्रोमीटरच्या पेटीत ठेवलाय.

एप्रिलमध्ये उलटं होईल, उन्हाळ्यात सगळं पिवळं-लाल. कोल्हापुरात ह्या कॅमेऱ्याचा हंगाम मोठा नाही.

१९ जानेवारी, रविवार. चौथा

खरी कॉर्नरला कॅमेरा मानस्तंभाचा फोटो. बाबूराव पेंटर आणि त्यांचे चुलतभाऊ आनंदराव यांनी इथं, ह्याच गावात, सिनेमाचा कॅमेरा घरी बनवायला घेतला. आनंदराव अर्ध्यातच गेले, बाबूरावांनी तडीस नेला. १९१७ मध्ये महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली आणि १९२० मध्ये 'सैरंध्री' पडद्यावर आणला. मूळ आडनाव मेस्त्री. सुट्टे भाग मिळत नाहीत म्हणून रडत बसायची आमच्या गावची पद्धत नाही, एवढं तात्यांना अभिमानानं म्हणता येतं. ते म्हणतातही, रोज.

फोटोत स्तंभ नीट आला. त्याच्यापुढं दुधाचे कॅन लावलेली मोटारसायकल आली, ती जास्त नीट आली.

२० जानेवारी, सोमवार. पाचवा

तालमीत वस्तादांची परवानगी काढून. आत उजेड एका खिडकीचा. अंधार असला की हा कॅमेरा शटर स्वतःच जास्त वेळ उघडं ठेवतो, ते हातानं धरून कसं निभणार! लाल मातीचा हौद स्पष्ट, भिंत स्पष्ट, आणि मधे दोन पोरांच्या जागी तांबडा धूर.

वस्ताद म्हणाले, "कुणी कुणाला चीत केलं ते फोटोत बी कळंना." मारुतीच्या तसबिरीला टेकवून ठेवलाय त्यांनी. परत मागायचा प्रश्नच नाही.

२५ जानेवारी, शनिवार. सहावा

काकांची रापी. दुकानाबाहेर उन्हात दगडावर ठेवली. हा कॅमेरा दहा-साडेदहा इंचांवरूनही फोकस घेतो, वेगळं भिंग लागत नाही. चाक फिरवून भिंग पुढं आणलं, गोलातली रेष पात्याच्या धारेवर आणून जुळवली. काका म्हणाले, थांब, आणि मूठ आपल्या हातात धरली. म्हणजे हात आला, मनगटापर्यंत. माझा नको म्हणाले होते तेवढं पाळलं.

फोटो उमटताना आधी पात्याची धार आली, पांढरी रेघ. मग बोटं. नखात अडकलेला रंगसुद्धा आला. काकांनी फोटो आणि रापी शेजारी शेजारी धरून पात्यावरचा एक खाचा शोधला. सापडला. "हितं एकदा खिळा लागला हुता. बापानं मला लई मारलं."

फोटो काकांनी कातड्याच्या दोन तुकड्यांमधे घातला आणि वर वजन ठेवलं, चिकटवायला ठेवतात तसं.

२७ जानेवारी, सोमवार. सातवा, वाया

पंचगंगेच्या घाटावर संध्याकाळ. माझीच ती फाइलची जीभ वाकून रुळांत गेली, फोटो अडकला. ओढला तर पिशवी कडेनं फुटली आणि पेस्ट बोटांना लागली. बुळबुळीत, साबणासारखी. अल्कली असते, डोळ्याला लावायची नाही. नदीत न धुता चहावाल्याकडून पाणी घेऊन धुतली. रूळ परत स्पिरिटनं साफ. दोनशे-अडीचशे रुपये घाटावर. जीभ नवीन कापली, ह्या वेळी एक्स-रेच्या फिल्मची.

२ फेब्रुवारी, रविवार. आठवा

किरणोत्सवाचा तिसरा दिवस. मावळतीची किरणं महाद्वारातून आत येतात, पहिल्या दिवशी अंबाबाईच्या पायावर, मग वर वर चढत आज पूर्ण मूर्तीवर. आई दरवर्षी जाते. देवळात कॅमेरा न्यायचा प्रश्न नव्हता, ती निघायच्या आधी गॅलरीत तिचा काढायचा ठरवलं.

"माझा कशाला? राहिलेला एक हाय म्हणतोस, पोरांचा काढ." मग थोड्या वेळानं, "थांब, मी लुगडं बदलून येतो." पुण्याची मावशी असल्या येतो-जातोला हसते. आई म्हणते, आम्ही असंच बोलतो.

खुर्चीत बसली. पाच वाजून गेले होते, ऊन गॅलरीच्या जाळीतून येत होतं. मी रेष जुळवत होतो आणि ती आत बघत होती, गॅसवर दूध ठेवलेलं. इकडं बघ म्हणायच्या आत बोट दाबलं गेलं. एक्स-रेच्या जिभेखालून फोटो निघाला. अंधारात ठेव म्हटल्यावर तिनं पदराखाली घेतला. एवढ्यात शेजारच्या काकू हाक मारत आल्या, उशीर झाला म्हणून दोघी तशाच निघाल्या. फोटो ओटीच्या पिशवीत गेला, नारळाखाली.

साडेसातला परत आली. मी आधी फोटो विचारला, तिनं आधी सांगितलं, "आज डोक्यापर्यंत आली किरणं." मग पिशवीतून काढला. कोपऱ्याला कुंकू लागलेलं. ऊन पिवळं उमटलंय, चष्म्याच्या एका काचेत जाळीचे चौकोन, दुसऱ्या काचेतून डोळा दिसतो. तोंड अर्धं उघडं, दूध बघ रे म्हणायच्या बेतात. तिनं म्हटलंही होतं तेच, नंतर.

"ह्यो मी ठेवतो," म्हणाली आणि विम्याच्या पावत्यांच्या डब्यात टाकला. मोबाइलनं त्याचा फोटो काढून घ्यावा असं मनात आलं, पण डब्याचं झाकण लागलं होतं.

३ फेब्रुवारी, सोमवार

आकडा दोनवर. पाकीट रिकामं, पण त्याच्या तळाची बॅटरी मोजली तर ६.१ व्होल्ट. आठ फोटोंत तिला काहीच झालेलं नाही. टाकून द्यायला जीव होईना. तात्यांचा शॉपमधला ट्रान्झिस्टर चार सेलवर चालतो, त्यांनी दिवाळीपासून सेल बदललेले नाहीत. नोव्हेंबरातला तोच पुठ्ठा, त्याच दोन पट्ट्या आणि तीच एनॅमल तार उलटीकडून जोडली. सांगली केंद्र लागलं. तात्यांनी आवाज वाढवला आणि लेथ चालू केला, त्यामुळं कोण काय गातंय ते काही ऐकू आलं नाही. दुपारच्या बातम्यांपर्यंत चालला.